नारायणअण्णांचं शेत

कँटोन्मेंटच्या बाजूला गेलं की नारायणअण्णा रिक्षातून उतरल्या उतरल्या चपला काढतात. समोर देऊळ नाही, मठ नाही. एक बँक आणि एक कॉफीचं दुकान. चपला काखेत मारून अण्णा फुटपाथवर अनवाणी चालू लागतात. कोणी विचारलंच तर म्हणतात, "शेतात कोण चपला घालून जातंय?"

अण्णा माझे घरमालक. जयनगरात खाली ते, वर आम्ही. त्यांचं मराठी घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी विजापुराकडून या कानडी शहरात आलं. इंग्रजांनी इथली छावणी वाढवली तेव्हा आसपासच्या लोकांची शेतं गेली, त्यात यांचंही गेलं. 'गेलं' म्हटलेलं मात्र अण्णांना खपत नाही. "गोऱ्यांना कवायतीला जागा पायजे होती. आमच्या पणज्यानं स्वल्प दिवसांसाठी दिली." पुढे विहीर बुजली, बांध मोडले आणि पणजोबा त्याच जमिनीवर कवायत करणाऱ्या शिपायांच्या पाटलोणी शिवायला बसले. "पण एकेक पाटलोण स्वल्प घट्ट शिवली त्यांनी," हे सांगताना अण्णांची मान ताठ होते.

खरं सांगायचं तर मी या माणसावर जळतो. मी साताऱ्याचा, नोकरीसाठी इथे आलेला. बेळ्ळंदूरला फ्लॅट घेतलाय, तोही अजून हवेतच आहे. माझ्या मालकीची माती म्हणजे तुळशीच्या कुंडीत असेल तेवढी. आणि हा माणूस शेत जाऊन इतका काळ लोटला तरी भर रहदारीत जमीनदारासारखा चालतो! "नसलेल्या शेताचा कसला हेवा करता?" असं बायको विचारते. पण माझ्याकडे नसलेलं शेतसुद्धा नाही, हीच तर माझी पोटदुखी आहे.

मग मी खोचकपणे विचारतो, "अण्णा, शेत नेमकं कुठून कुठपर्यंत?" अण्णा हात फिरवतात. एका वर्षी हात बँकेपाशी थांबला, पुढच्या वर्षी कॉफीचं दुकान आत आलं, गेल्या वर्षी एका हॉटेलचा पोहण्याचा तलावही आला. इंग्रजांनीसुद्धा इतक्या झपाट्यानं मुलूख वाढवला नसेल.

मार्गशीर्षातल्या अमावास्येला त्यांच्याकडे शेताला जेवू घालायची रीत आहे. पुढच्यानं भाताचे घास शेतात टाकत जायचं, मागच्यानं त्यावर पाणी शिंपडत यायचं. अण्णा हे फुटपाथच्या कडेच्या झाडांपाशी करतात. तांब्या घेऊन मागून त्यांची मुलगी वनजा चालायची. ती लग्न होऊन विलायतेत, लीड्सला गेली. "शेत नेलं ते नेलं, पोरगीपण नेली," एवढंच अण्णा म्हणाले.

गेल्या वर्षी त्या दिवशी ऑफिसच्या बसमधून मला ते दिसले. भात टाकत शेवटपर्यंत गेले, मग परत पहिल्या झाडापाशी आले आणि तांब्या घेऊन पुन्हा तीच वाट चालू लागले. मला वाईट वाटायला हवं होतं. मला राग आला. वरच्या मजल्यावर धडधाकट माणूस राहतो, त्याला विचारायला काय झालं होतं?

यंदा मीच विचारलं, "अण्णा, मागून मी येऊ?"

"सरी," अण्णा कानडीत 'बरं' म्हणाले आणि तांब्या माझ्या हातात दिला.

बँकेच्या वॉचमननं हटकलं, तर अण्णा त्याला म्हणाले, "स्वल्प सरका, पिकात उभे आहात." तो बिचारा सरकला. एका मोठ्या झाडाखाली अण्णा थांबले, उरलेला सगळा भात तिथेच ठेवला. मी सवयीनं विचारलं, "हद्द इथवरच का?"

"हद्द कुणाला ठाऊक?" अण्णा म्हणाले. "माझ्या बापालापण म्हायती नव्हती. ह्याच बाजूला कुठंतरी होतं म्हणायचे. वनजा लहान होती, पहिल्यांदा आणली तेव्हा चालून दमली. इथं खाली बसली आणि विचारली, अप्पा, आपलं शेत आलं काय? मी म्हणालो, आलं."

एक बस धूळ उडवत गेली. अण्णांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

"इथं पाणी जरा जास्त सोडा," ते म्हणाले.

मी तांब्या उपडा केला.