आनंदरावांची निळी मिशी

ताटात पीठ, अंदाजे दोन चमचे. ताटावर झाकलेलं पंच्याचं फडकं, आता घडी घालून ओट्यावर. फूटपट्टी, एक. बरणीत टॅपिओकाचं पीठ, दोन वाट्या. गुळाची ढेप, कोपरा फुटलेली. तिच्यावर मुंग्या, चार. गोळ्या, शून्य. काल रात्री झोपताना त्या तीनशे बारा होत्या.

प्रेरणा हे सगळं मोबाईलमध्ये टिपत होती, तोवर तिचे मामा उंबऱ्यातच उभे राहून त्या घरच्या सुनेला, मायाला, स्वतःचा परिचय करून देत होते.

"घाबरू नकोस, पोरी. मी आनंदराव. भोर आणि वेल्हे, दोन तालुक्यांत मिळून एकच डोकं आहे, आणि ते आत्ता तुझ्या दारात उभं आहे. माझ्या नजरेतून आजवर एकही गुन्हेगार सुटलेला नाही."

हे खरं होतं. सुटायला आधी कुणीतरी सापडावं लागतं. मामांनी आयुष्यभर दारोदार हिंडून विजेचे मीटर वाचले होते, आणि मीटर वाचता येतो म्हणजे माणूसही वाचता येतो, असा निवृत्तीनंतर निष्कर्ष काढला होता. प्रेरणा रसायनशास्त्राची पदवीधर. नोकरी लागेपर्यंत ती मामांची सहायक होती, म्हणजे स्कूटर तिची होती.

खरं तर मायाने बोलावलं होतं ते प्रेरणाला. माया तिची कॉलेजातली मैत्रीण, लग्न होऊन शिवऱ्याला आलेली. मामा मागच्या सीटवरून आपोआप आले.

"चार वाजता साहेबराव येतायत चव बघायला," माया म्हणाली. "आणि माझ्याकडे दाखवायला काही नाही."

साहेबरावांचं हायवेला हॉटेल होतं. राजगडावर जाणारी पुण्याची पोरं तिथे थांबत आणि चहा बाजूला सारून बोबा मागत. बोबा म्हणजे थंड दुधाच्या चहात तळाशी चिवट गोळ्या, जाड नळीने ओढून चावत बसायच्या. साहेबराव मायाला म्हणाले होते, घरच्या गोळ्या जमल्या तर हॉटेलाचा कोपरा तुझा, नाहीतर पुण्याहून पाकिटं मागवतो. त्या कोपऱ्यासाठी माया महिनाभर राबली होती. पाणी कोमट असलं तर पीठ बोटांतून ओघळतं, खळखळ उकळतं ओतलं तरच त्याची कणीक होते, हे शिकायलाच तिची निम्मी बरणी खर्ची पडली होती. मग वळ्या, मग सात सात मिलिमीटरच्या गोळ्या. शिजवून गुळाच्या पाकात घालेपर्यंत पांढऱ्याशुभ्र. सकाळी ती दूध आणायला गेली, परत येऊन बघितलं, तर ताट उघडं, रिकामं, आणि फडकं घडी घालून ठेवलेलं.

"घरात आणखी कोण असतं?" प्रेरणाने विचारलं.

"सासूबाई. पण त्या सकाळीच वडापच्या जीपने कापूरहोळला गेल्यात. फोन इथेच."

"घरातल्या मोठ्या माणसांना थेट विचारणं हे हौशी लोकांचं काम," मामा म्हणाले. "मी गच्चीवरून परिसराचा आढावा घेतो."

आढावा बराच वेळ चालला. खाली आले तेव्हा मामा समाधानी दिसत होते.

"गुन्हेगाराला चार पाय आहेत! शेजारच्या दारात शेळी बांधलेली आहे."

शेळीची मालकीण रत्ना कुंपणापलीकडून ऐकत होती. ती थेट आत आली. "माज्या शेळीनं गोळ्या खाल्ल्या, आन मग फडक्याची घडी बी घातली व्हय?"

मामांनी घडीकडे पाहिलं. घडी सुबक होती.

"मग मुंग्या," ते म्हणाले.

"चार मुंग्या," प्रेरणा म्हणाली. "मुंगीमागे अठ्ठ्याहत्तर गोळ्या. तेही समोरची गुळाची ढेप सोडून."

"तुला संघटित गुन्हेगारी कळत नाही." मामा रत्नाकडे वळले. "बाई, हॉटेलाचा तो कोपरा आणखी कुणाला हवा होता?"

रत्नाचा चेहरा उतरला. "म्या इचारलं हुतं साहेबरावान्ला. ताकासाठी. गुदस्ता."

"हेतू सापडला!"

"मामा, पुरे," प्रेरणा म्हणाली. पण मायाने रत्नाकडे पाहिलं, आणि पाहिलं ते नको तसं पाहिलं. रत्नाला ते दिसलं. दोघींचं रोजचं ताक-भाजीचं येणंजाणं त्या एका नजरेत तुटायला आलं होतं, आणि तोडणारा माणूस मिशीला पीळ देत होता.

प्रेरणाच्या पिशवीत जखमेवर लावायची आयोडीनची बाटली होती. आयोडीन पिठावर पडलं की निळंकाळं होतं, हे तिने मामांना कधीतरी सांगितलं होतं. ही तिची त्या वर्षातली सगळ्यात मोठी चूक. मामांनी बाटली काढली आणि रत्नाच्या पदरावर थेंब टाकला. पदर निळा झाला.

"पकडली!"

"सकाळधरनं भाकऱ्या थापतीया म्या! पीठ लागनार न्हाई तर काय सोनं लागंल?"

मामांनी मग मायाच्या बाहीवर थेंब टाकला. निळी. पोळपाट निळा, बटाटा निळा, भाताचं पातेलं निळं. पंधरा मिनिटांत निम्मं स्वयंपाकघर आरोपी झालं. निर्दोष सुटलं ते फक्त मीठ.

"मामा, हे स्वयंपाकघर आहे. इथे सगळ्यालाच पीठ लागलेलं असतं."

"सगळ्याला नाही. निर्दोष माणसावर रंग चढत नाही. हे बघ!" आणि मामांनी बाटलीच्या बुचाने स्वतःच्या मिशीला आयोडीन लावलं.

मिशी निळी झाली. साधी नव्हे, शाईच्या दौतीत बुडवल्यासारखी.

रत्ना भिंतीला टेकून हसली. प्रेरणा हसली नाही.

"मामा, गच्चीवर काय खाल्लंत?"

"खाल्लं नाही. नमुने घेतले. वर पापड्या वाळत होत्या, अजून ओलसर."

"किती नमुने?"

"सहा. जिरं छान लागतंय."

"कसल्या पापड्या?" मायाने विचारलं. उन्हाळ्यात गच्चीवर कायम काहीतरी वाळत असतं. त्याची चौकशी कुणी करत नाही. "आमच्या तर मागच्या आठवड्यातच आवरल्या."

तेवढ्यात दारात वडाप थांबलं आणि मायाच्या सासूबाई, भामाबाई, पिशवी आपटत आत आल्या.

"त्या वाण्याची चांगली खरडपट्टी काढून आले! म्हातारी बघून खोटा साबुदाणा देतो व्हय?"

"कसला साबुदाणा, आत्या?" मायाने विचारलं.

"आगं, आज चतुर्थी न्हाई का? ताटात ठिवलेला मोठा साबुदाणा राती भिजत घातला. सकाळी खिचडीला बघती तर नुसती खळ! दाना म्हनून हाताला लागंना. आता टाकून दिऊ का? जिरं-मीठ घालून शिजवली आन पापड्या घातल्या. वानी म्हनतो, असला माल माज्या दुकानात न्हाईच. त्याला म्हनलं, देवाधर्माच्या दिवशी तरी खरं बोल!"

साबुदाणाही ह्याच पिठाचा, पण कारखान्यात भाजून पक्का केलेला, म्हणून भिजवला तरी शाबूत राहतो. मायाच्या गोळ्या कच्च्या होत्या. थंड पाण्यात त्या रातोरात विरघळून पुन्हा पीठ झाल्या. प्रेरणाने हे समजावून सांगितलं तेव्हा भामाबाई मटकन खाली बसल्या.

"आगं बया! मग मला इचारायचं की कुनीतरी!"

सगळ्यांनी मामांकडे पाहिलं.

"म्हणजे गुन्हेगार घरातलाच," मामा म्हणाले. "मला सुरुवातीपासून संशय होता."

"सुरुवातीला तुमचा संशय शेळीवर होता," प्रेरणा म्हणाली.

अडीच वाजले होते. बरणीत दोन वाट्या पीठ होतं. मायाने आधण ठेवलं आणि रत्नाकडे न पाहता म्हणाली, "वैनी, हात लावता का जरा? एकटीनं व्हायचं नाही."

"चोरानंच गोळ्या वळायच्या व्हय?" रत्ना म्हणाली, आणि बाह्या सरसावून बसली. "सरक तिकडं."

पाण्याला पहिला बुडबुडा येताच मामा म्हणाले, "झालं, ओत." प्रेरणाने त्यांना ओट्यापासून दूर बसवून कणकेचा एक तुकडा दिला. मामांनी लाडू वळावा तशी एक गोळी वळली.

"मामा, नळी बारा मिलिमीटरची आहे."

"गिऱ्हाइकाला माल दिसला पाहिजे."

ती गोळी बाजूला काढून ठेवायला प्रेरणाने सांगितलं होतं. ती पातेल्यात कशी गेली, याचा तपास कुणी केला नाही.

चारला साहेबराव आले. मामांच्या मिशीकडे बघून त्यांनी काही विचारलं नाही. पहिला ग्लास ओढला, बराच वेळ चावत राहिले आणि दुसरा मागितला. मग तिसरा. तिसऱ्याच्या शेवटी नळी जराशी अडली. ग्लास खाली ठेवून ते मायाला म्हणाले, "कोपऱ्याला फळी डावीकडनं ठोकायची का उजवीकडनं?"

भामाबाईंनी पदराने डोळे टिपले. तोवर मामांनी तोही तपासला होता. पदर निळा होता.

प्रेरणाने फूटपट्टी घेतली आणि ग्लास ओळीने मांडले. पहिल्या ग्लासात उरलेल्या गोळ्या, शून्य. दुसऱ्यात, शून्य. तिसऱ्यात, एक, व्यास एकवीस मिलिमीटर.