तातडीच्या देवडीवर मथूबाई कोष्टीण बसली त्याचे वर्तमान

श्री. प्रथम त्या शब्दास नमन, जो बहुत वर्षांपूर्वी कानी पडला आणि अद्याप कानातून निघत नाही, म्हणजे देवडीवरल्या पहारेकऱ्याचा भारदस्त, तोंडात पान धरून बोललेला शब्द, "बसा, बोलावतो." हा शब्द ऐकून कित्येक बसले, कित्येक बसल्या जागी बरे होऊन घरी गेले, आणि कित्येकांविषयी न लिहिलेलेच बरे. त्या शब्दास नमन करून, धन्वंतरीस दंडवत घालून, आणि धनी वाचतील तर हसतील परंतु रागावणार नाहीत ऐसी उमेद धरून, लिहिणार विनंती करितो ऐसी जे: शके सतराशे आणि वर काही, वरचे आकडे कागदावर काढा सांडल्यामुळे लागत नाहीत, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, ते दिवशी मथूबाई कोष्टीण, उमर पंचावन्न, आतुरशाळेबाहेर, म्हणजे आजाऱ्यांच्या औषधशाळेबाहेर, चिंचेच्या झाडाखाली डोलीत बसली होती, आणि तिचा जीव मागावरल्या शेवटल्या धाग्यासारखा ताणला होता, आणि ती कोणास काही सांगत नव्हती. तो धागा राहिला की तुटला, इतकाच या कागदाचा मजकूर. परंतु वैद्य आत आणि ती बाहेर, हे कैसे घडले ते कळावे यास्तव दोन महिने मागे जाणे प्राप्त जाहले.

त्या राज्यात राजे प्रजावत्सल, आणि राजधानीत त्यांनी बांधविलेली आतुरशाळा थोर, आणि तिला पूर्वेस एक दार, त्यास तातडीची देवडी म्हणत. ज्यास आज, आत्ता, या घटकेस वैद्य पाहिजे त्याने त्या दारे यावे ऐसी योजना. परंतु रीत अशी पडली होती की, आल्या माणसास प्रथम पहारेकऱ्याने पुसावे, "काय होतंय?", मग कारकुनाने पुसून लिहावे, मग धाकट्या वैद्याने कारकुनाचे लिहिले न वाचता पुन्हा पुसावे, मग थोरल्या वैद्यराजांनी धाकट्यास न विचारता पहिल्यापासून पुसावे, आणि चौथ्या खेपेस आपण कशास आलो हे रोग्यानेच विसरून जावे. ऐसे चालले असता राजांचे व्याही, म्हणजे राजकन्येचे सासरे, जेवता जेवता माशाचा काटा घशात रुतला म्हणून देवडीवर आले. त्यांस बोलता येईना, म्हणून कारकुनाने "रोग्याने तक्रार सांगितली नाही" ऐसा शेरा लिहिला आणि त्यांस दहा घटिका बसविले. मग व्याह्यांनी केळे खाऊन काटा आपला आपण उतरविला, आणि तसेच तरातरा दरबारी गेले आणि म्हणाले, "राजे, तुमची लेक आमच्या घरी सुखात आहे. पण आम्ही तुमच्या गावात आजारी पडणार नाही, एवढं लिहून घ्या." राजे बहुत लाजले, आणि आज्ञा केली की देवडीवर माणूस का तिष्ठतो याचा शोध करावा, आणि त्या कामी नारोपंत शोधनीस यांस नेमिले.

नारोपंत विद्वान आणि सरळ. परंतु जे मोजता येते तेच खरे, ऐसी त्यांची श्रद्धा. त्यांनी तांब्याचे घटिकापात्र आणिले, जे पाण्यावर तरंगत ठेविले असता भोकातून भरत भरत एका घटिकेत बुडते, आणि महिनाभर देवडीत मांडी घालून बुडालेली पात्रे मोजिली, आणि दरबारात निवेदन केले की, मनुष्य सरासरी दहा घटिका तिष्ठतो. मग हुकूम सुटला की, देवडीच्या उंबऱ्याच्या आत कोणीही चार घटिकांहून अधिक बसता कामा नये. बसला तर देवडीचे कारभारी विसाजीपंत यांची नेमणूक जाईल. विसाजीपंतांनी तो हुकूम तीनदा वाचिला, आणि तिसऱ्या खेपेस "उंबऱ्याच्या आत" या शब्दांवर त्यांची नजर ठरली, आणि मुखावर हसू उमटले. आणि आठा दिवसांत काय चमत्कार जाहला, माणूस आत आला की दोन घटिकांत तपासून मोकळा! मग हत्तीवरून साखर वाटली, आणि विसाजीपंतांस शालजोडी दिधली, आणि भाटांनी त्यांजवर कवन केले, त्यात त्यांची तुलना वाऱ्याशी केली.

नारोपंतांस मात्र चैन पडेना. आपण मोजला आकडा इतक्या लवकर पळाला तो गेला कोठे, हे पाहावे म्हणून ते मार्गशीर्ष पंचमीस, दिवस दोन कासरे चढला असता, न कळविता आले, तो बाहेर चिंचेखाली वीस डोल्यांची रांग. डोलीवाले एकीकडे सोंगट्या खेळताहेत, आणि डोल्यांतून कण्हणे, खोकणे आणि विसाजीपंतांच्या कुळाचा उद्धार ऐकू येतो. नारोपंत म्हणाले, "विसाजीपंत, ही माणसे कोण?" विसाजीपंत म्हणाले, "ही अजून आलेली नाहीत." नारोपंत म्हणाले, "समोर बसलीत की!" "बसलीत. पण आलेली नाहीत. आली म्हणजे उंबरा ओलांडला. आपणच तसं लिहिलंत, शोधनीस." "कधीपासून बसलीत?" "कोण?" "ही आलेली नाहीत ती!" "जी आलीच नाहीत त्यांची वेळ कशी सांगू? आम्ही खोटं लिहीत नाही." आपल्याच अक्षराने आपल्याला बांधले हे नारोपंतांस उमजले, आणि ते आपले घटिकापात्र घेऊन रांगेच्या शेवटी जाऊन बसले, की निदान येथून तरी मोजू. त्यांच्या पुढली डोली मथूबाईची.

मथूबाईबरोबर तिची धाकटी जाऊ तानूबाई आली होती. तानूबाईचा स्वभाव असा की, प्रश्न कोणासही करा, उत्तर तिजपाशी तयार. कारकून वही घेऊन बाहेरच फिरत होता, तो म्हणाला, "बाई, काय होतंय?" मथूबाई पदर सावरून हळूच म्हणाली, "काही नाही हो, जरा कसंतरीच वाटतंय." तो तानूबाई म्हणाली, "तिला काय विचारता? तिचं नेहमी काही नाहीच! घरात मेलं कुणी तरी ही म्हणेल, काही नाही, जरा निजलेत. मला विचारा! थंडी पडली की माझे गुडघे अस्से धरतात, जिना चढवत नाही, आणि रात्री पायांत गोळे येतात." कारकुनाने ते सारे लिहून घेतले, आणि मथूबाईच्या चिठीवर "गुडघे" ऐसी नोंद होऊन तिला विसावा क्रम मिळाला. मग एक पहिलवान आला, त्याच्या तळव्यात बाभळीचा काटा, आणि त्याने आईला, बापाला आणि सात पिढ्यांना ऐसी हाक घातली की चिंचेवरले पक्षी उडाले, तो मथूबाई म्हणाली, "जाऊ द्या बाई त्यांना आधी, फार दुखतंय त्यांना." मग एक सावकार करट घेऊन आला, त्यासही तिने जागा दिधली, आणि मागून आलेल्या आणखी एकासही. ऐसे करिता करिता विसावी होती ती तेविसावी जाहली, आणि कपाळावर घाम, तो मार्गशीर्षाच्या थंडीत. आणि ओठ धुतल्या सुतासारखे पांढरे. नारोपंत तिच्यापासून हातभर अंतरावर बसून पात्र किती बुडाले ते पाहात होते. तिच्याकडे त्यांनी पाहिले नाही, हे त्यांनी पुढे आपल्या हाताने लिहून ठेविले आहे.

इतक्यात आतून साळूबाई पाण्याची घागर घेऊन आली. ही आतुरशाळेत सोळा वर्षे सेवेस होती. रोग्यास पाणी द्यावे, घाम पुसावा, अंथरूण झटकावे, इतके तिचे काम, आणि शोध चालला त्या अवघ्या महिन्यात तिला कोणी एक अक्षर पुसले नव्हते. तिने मथूबाईस पाणी दिधले आणि पेल्याबरोबर तिचा हात हाती आला, तो गार. साळूबाई तानूबाईकडे वळून मोठ्या मायेने म्हणाली, "बाई, गुडघे फार धरलेत ना तुमचे? त्या पलीकडल्या खिडकीत लेप मिळतो, ऊन ऊन आहे तोवर जा." तानूबाई म्हणाली, "बघा! सोळा वेळा सांगितलं तेव्हा एकाला तरी कळलं!" आणि लंगडत गेली. मग साळूबाई डोलीशी जमिनीवर बसली, हात तसाच धरून, आणि काय होतंय ते तिने पुसलेच नाही. ती म्हणाली, "मावशी, आज उठल्यापासून काय काय केलंस गं?" मथूबाई म्हणाली, "काय करणार? उठले. सडा घालायला घेतला, तो अर्ध्यावर टाकला." "का गं टाकलास?" "वाकवेना." "मग?" "मग मागावर बसले. तर धोटा हातातून पडला." "कुठल्या हातातून?" "डाव्या. खांद्यापासून भरून आलाय तो." "आज आलाय?" मथूबाईने लेपाच्या खिडकीकडे पाहिले, जाऊ दूर आहे ऐसी खात्री केली, आणि म्हणाली, "तीन दिवस झाले. छातीवर कुणी पाटा ठेवलाय असं वाटतं बाई. चार पावलं गेलं की दम पुरत नाही." "आणि घरात बोलली नाहीस?" "पाच दिवसांवर लग्न आलंय, हिच्या लेकीचं. लग्नघरात मी कुठं माझं दुखणं काढू?"

साळूबाई उठली. सोळा वर्षांत कारभाऱ्यांपुढे तिने मान वर केली नव्हती, ती करून म्हणाली, "ह्यांना आत्ता आत न्या." विसाजीपंत म्हणाले, "त्यांचा क्रम तेविसावा. आणि आत चार जणांच्या घटिका चालू आहेत, पाचवं माणूस घेतलं तर हिशेब बिघडेल." साळूबाई म्हणाली, "बिघडू दे." तेव्हा प्रथमच नारोपंतांनी पात्रावरली नजर काढून त्या म्हातारीच्या तोंडाकडे पाहिले, आणि डोलीवाले सोंगट्यांत गुंतलेले पाहून पंडितांनी स्वतः डोलीचा पुढला दांडा खांद्यावर घेतला, आणि मागला साळूबाईने, आणि पगडी चिंचेखाली पडली ती तशीच ठेवून उंबरा ओलांडला. मागे पाण्यावर पात्र एकटेच भरत राहिले आणि बुडाले. ती घटिका कोणत्याही वहीत नाही.

आत वैद्यराज सवयीने म्हणाले, "हं, काय हो..." तो साळूबाईने पुढले ऐकून न घेता सडा, धोटा, डावा हात, पाटा, तीन दिवस, सारे एका श्वासात सांगितले. वैद्यराजांनी आयुष्यात प्रथमच दुसऱ्यांदा पुसले नाही. नाडी पाहिली, मुद्रा पालटली, हेमगर्भाची मात्रा उगाळून चाटविली, उशाशी तक्के देऊन बसती ठेविली, आणि दोन दिवस तिजपासून हलले नाहीत. तानूबाई गुडघ्यांस लेप लावून आली तो हे दृश्य, तिने प्रथम गळा काढिला आणि मग तोंड सोडिले, "अगं, तीन दिवस! लग्न पुढं गेलं तर जाईल! नवरा काय पळून जातोय? आणि पळालाच तर पोरीचं नशीब उघडलं म्हणायचं! मी काय तुला खाऊन टाकणार होते?" आणि त्याच दिवशी आपल्या होणाऱ्या व्याह्यांकडे निरोप धाडून लग्न माघात नेले, आणि कोणाची बोलण्याची छाती जाहली नाही. तिसऱ्या दिवशी मथूबाईचा श्वास नीट चालू लागला, जैसे तुटते सूत गाठ देऊन पुढे ओढावे तैसे.

तात्पर्य इतके की, वेळ चिंचेपासून मोजू लागले. सोबत आलेल्यांस बसण्यास वेगळी ओसरी केली. देवडीवर प्रथम पुसण्याचा मान साळूबाईस दिधला, आणि तिने एकदा पुसलेले बाकीच्यांनी वाचावे ऐसा हुकूम सुटला. वेळ चार घटिकांवर आली नाही, साडेपाचांवर आली, आणि नारोपंतांनी साडेपाच असेच लिहिले. विसाजीपंतांस पिलखान्यावर नेमिले, तेथे हत्ती तक्रार करीत नाहीत. सहाव्या दिवशी नारोपंत कागद घेऊन मथूबाईच्या खाटेशी बसले आणि म्हणाले, "बाई, आमच्या देवडीविषयी आपलं काही म्हणणं?" तिने सवयीने "काही..." म्हणून आरंभ केला आणि थांबली. मग जे बोलली ते त्यांनी दरबारच्या निवेदनात शेवटल्या पानी जसेच्या तसे उतरविले, ते ऐसे:

"लिहा. पेज अळणी आहे. खाटेत ढेकूण आहेत. ही माझी जाऊ चाळीस वर्षं बोलतेय, तिला सांगा, घटकाभर दम घे. आणि त्या दिवशी चिंचेखाली मी सगळ्यांना काही नाही, काही नाही म्हणत होते ना, ते खोटं होतं. मला फार भीती वाटत होती. मला जगायचं होतं."