चिखल लावलेल्या दर्यापोथीची हकीकत

प्रथम भरलेल्या दर्यास वंदन, मग त्यातून सुखरूप परतलेल्यांस वंदन. आता जे डोळां पाहिले आणि कानी ऐकिले, तेवढेच लिहिते. शके सोळाशे एकोणनव्वद, आश्विन मास. दर्याकिनारी एक थोर राज्य होते. बंदर नामी, परंतु त्याच्या मुखाशी पाण्याखाली नागीण नामे खडक होता, तो वर्षास दोन-चार गलबते गिळी. मग महाराजांनी आज्ञा केली की, खलाशांस वाट दाखविणारी पोथी सिद्ध करावी, आणि काम विसाजीपंत चिटणीसांकडे सोपविले. पंत मोठे विद्वान, परंतु त्यांच्या कुळात होडीत पाय ठेवावयाची चाल नव्हती. म्हणून त्यांनी किनाऱ्यावर चौरंग मांडिला, समुद्राकडे तोंड केले आणि लिहिले की, नागीण डाव्या हातास सोडावी. मग परीक्षेकरिता वाघोजी तांडेलांनी हुकमाप्रमाणे गलबत बाहेरून आत आणिले, नागीण डाव्या हातास सोडिली आणि भलत्या बाजूस जाऊन वाळूत रुतले. भरती येईपर्यंत वाघोजी तेथेच बसून राहिले आणि मग दरबारी येऊन मुजरा करून बोलिले, "पंत, पोथी उत्तम. घरातून बाहेर पडावयास फारच उपयोगी. घरी परत कसे यावे, तेवढे राहिले."

दरबार हसला. पंतांनी मान खाली घातली, परंतु दुसरे दिवशी धोतराचा काचा मारून स्वतः गलबतावर चढले. खलाशांनी विचारिले, "पंत, पोटात काही होते का?" पंत म्हणाले, "होते. आताच सगळे दर्यास अर्पण केले." मग त्यांनी खरी विद्या पाहिली. दोरीस शिशाचा गोळा, गोळ्याच्या बुडास चरबी. गोळा तळास टेकला की दोरीवरून पाणी किती वाव, म्हणजे किती पसरल्या हातांएवढे खोल, ते कळे, आणि चरबीस चिकटून आलेला गाळ पाहून तांडेल जागा ओळखीत. पंतांनी लिहिले, 'श्यामवर्ण स्निग्ध मृत्तिका.' वाघोजी म्हणाले, "ही कोण बाई?" तेव्हा वाघोजींचे कुटुंब चांगुणाबाई होडीतून भाकरी घेऊन आल्या होत्या, त्या बोलिल्या, "अहो पंत, चिखल लिहिता कशाला? चिकटवा की! आमच्या धन्यास अक्षर येत नाही, पण बोट तर आहे!" आणि त्यांनीच खळ शिजविली. मग वाटेच्या क्रमाने पानापानावर वावांच्या रेघा ओढिल्या आणि शेजारी खरा गाळ, खरी वाळू, खरे शिंपले लाविले.

पुढे माघात शत्रूने बंदर रोखिले. नगरात तांदूळ सरला, लेकरांस पेज मिळेना. वाघोजी आणि पंत परमुलखातून तांदळाची सात गलबते घेऊन निघाले होते, ती पहाटे मुखाशी आली. मागे शत्रूची तीन जहाजे आणि पुढे असे धुके की आपला हात आपणांस दिसेना. सारे नगर किनाऱ्यावर आले. मी तेव्हा नऊ वर्षांची, शेजारच्या चांगुणाबाईंचा पदर धरून उभी होते. त्या रडल्या नाहीत, नुसत्या ऐकत होत्या. मग धुक्यातून हाक आली, "आठ वाव! काळा चिखल!" आणि पंतांचा आवाज, "पान दुसरे!" मग "सात वाव! शिंपले!" चांगुणाबाई पुटपुटल्या, "आता तांबडी वाळू यायला हवी. न आली तर नागीण." आणि मग हाकच येईना. त्यांनी माझे मनगट असे आवळिले की बांगडी फुटली. तोच वाघोजींचा आवाज गरजला, "पाच वाव! तांबडी वाळू! बोटास लागली हो!"

शत्रूनेही त्याच आवाजामागे जहाज घातले, परंतु त्याजपाशी पान नव्हते. नागिणीवर लाकूड फुटल्याचा आवाज आम्ही सर्वांनी ऐकिला, मागची दोन जहाजे परत फिरली, आणि धुके फाडून एकामागून एक सात शिडे आत आली. शंख वाजले, नौबत झडली, आणि त्या सकाळी घरोघर भात शिजला. महाराजांनी वाघोजींस तलवार दिली, पंतांस पालखी दिली, चांगुणाबाईंस सोन्याचे तोडे दिले. पंतांनी पालखीत आपण न बसता पोथी बसविली. तिला असा मासळीचा वास की नगरातली झाडून सारी मांजरे मिरवणुकीत चालली.

एवंच, ती पोथी तीस वर्षे चालली, आणि शत्रूचे ते एक जहाज सोडता तितकी वर्षे नागीण उपाशी राहिली. हल्ली दर्याच्या पोथ्या छापून येतात, स्वच्छ, सुवाच्य. त्यांना मांजरही हुंगत नाही.