खसखस आणि खासदार

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही, बायकोलासुद्धा नाही. गणपत धुरीच्या सामानात कस्टम्सला सापडलेली पाव किलो खसखस माझी होती.

हे आधीच सांगून टाकलं, कारण मला लिहायचं आहे साटमांबद्दल. साटमांचे किस्से सांगायला लागलं की ऐकणारे हसतात. मीही हसतो. पण यातलं काय हसण्यासारखं आहे आणि काय नाही, हे वाचणाऱ्याला पहिल्यापासून ठाऊक असलेलं बरं.

साटम कुठलंही पत्र 'सविनय निवेदन की' असंच सुरू करायचे. मग लाल पेन घ्यायचे, स्टीलची पट्टी ठेवायचे आणि 'सविनय'वर एक सरळ रेघ मारायचे. रेघेखालचा शब्द स्वच्छ वाचता आला पाहिजे, ही त्यांची अट.

"त्यापेक्षा लिहूच नका ना तो," मी एकदा म्हणालो.

"आणि मग वाचणाऱ्याला कसं कळणार, की विनय होता आणि आता काढून घेतलाय?"

अबुधाबीबाहेरच्या मुसफ्फा या कारखान्यांच्या वसाहतीत, एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये आम्ही दोघं नोकरीला होतो. साल साधारण नव्वदच्या दशकाच्या अखेरीचं. मी अकौंट्समध्ये, ते स्टोअरकीपर. मी बायको-मुलीसह अबुधाबी शहरात फ्लॅटमध्ये, ते कामगारांच्या कॅम्पात कणकवलीकडच्या पाचजणांबरोबर एका खोलीत. वेल्डिंग रॉड, हातमोजे, ग्राइंडिंग व्हील यांतलं काहीही साटमांच्या खिडकीतून स्लिपशिवाय बाहेर पडत नसे. "स्लिप?" हा त्यांचा एकशब्दी मंत्र. कंपनीचा मालक, म्हणजे आमचा अरबाब, एकदा स्वतः हातमोजे मागायला आला, तर त्यालाही साटमांनी मान वर न करता विचारलं, "स्लिप?" अरबाबनं हसत स्लिप लिहून दिली. साटमांनी ती परत केली. तारीख नव्हती.

चिडणं हा त्यांचा स्थायीभाव. माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. एका शुक्रवारी ते जेवायला आले आणि तासभर नुसते कडाडत राहिले, तेव्हा तिनं मला विचारलं, "बाबा, व्हाय इज अंकल ऑलवेज शाउटिंग?"

साटमांनी ते ऐकलं. तिच्याकडे वाकून शांतपणे म्हणाले, "बिकॉज, बाळा, दे आर डेफ."

'दे' म्हणजे निवडून आलेले लोक.

त्याचं असं झालं. आमच्याकडे कुणी सुट्टीवर गावी निघाला की तो एकट्याचा राहत नसे. परतताना त्याच्या वीस किलोंत पाच किलो त्याचे स्वतःचे, बाकीचे आम्हा सगळ्यांचे. कुणाचं कोकम, कुणाचे पोहे, कुणाची पापडाची डबी. जुन्या साडीच्या फडक्यात शिवलेली, वर शाईनं नाव घातलेली पाकिटं. त्याला नाही म्हणायची पद्धत नव्हती, आणि आत काय आहे ते विचारायची तर मुळीच नव्हती. विचारलंत तर तुमचा विश्वास नाही असा अर्थ निघायचा.

त्या वर्षी दिवाळीआधी गणपत धुरी सुट्टीवरून परत यायचा होता. चाळिशीचा वेल्डर, दोन मुली गावात, बोलणं अगदी कमी. मी त्याच सुमारास दुबईला, देऱ्याच्या बाजारात सामान आणायला गेलो होतो. अनारशांचं पीठ मिळालं, गूळ मिळाला, फक्त खसखस कुठे दिसेना. मल्याळी दुकानदाराला विचारलं, तर तो काउंटरवरून पुढे झुकला आणि आवाज उतरवून म्हणाला, "साब, वो चीज का नाम मत लो. जेल है इधर."

मला वाटलं, माल संपलाय आणि हा थापा मारतोय. स्वयंपाकघरातल्या फोडणीच्या डब्याशेजारची बरणी, तिच्यापायी जेल? मी हसलो. घरी येऊन दादरला बहिणीला फोन केला. म्हटलं, गणपतबरोबर पाव किलो खसखस पाठव, इथे मिळत नाही. बायकोला सांगितलं नाही, तिला गंमत दाखवायची होती.

'इथे मिळत नाही.' हे तीन शब्द मी बोललो. का मिळत नाही, असं मी स्वतःला विचारलं नाही. देऱ्यात वाघाचं दूध सोडून सगळं मिळतं.

गणपत विमानतळावरून बाहेर आलाच नाही. कस्टम्सच्या टेबलावर अकरा पाकिटं फाडली गेली, सगळं एकत्र झालं. त्याला विचारलं, हे कुणाचं. तो म्हणाला, माहीत नाही, आणि ते खरंच होतं. तिथल्या कायद्यात ते बी अफूच्याच यादीत. बाळगणारा तो गुन्हेगार, माहीत होतं की नव्हतं हा प्रश्न नाही. चार वर्षं.

बातमी कॅम्पात पोचली ती एवढीच: सामानात खसखस सापडली. त्यानंतर आठ दिवस कॅम्पात एकाही माणसानं आपल्या पाकिटाची चौकशी केली नाही. अकरा घरांतून पाकिटं आली होती आणि अकराच्या अकरा माणसांना आपण काहीच मागवलं नव्हतं असं आठवत होतं. बहिणीनं फोनवर विचारलं, "खसखस पोचली का रे?" मी म्हणालो, "पोचली."

फक्त साटम भडकले, आणि उघड भडकले. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलापाशी कोरे कागद आणि कार्बन घेऊन उभे. "देवधर, तुमचं अक्षर चांगलं आहे. माझं अक्षर बघून खासदार प्रिस्क्रिप्शन समजेल. मी सांगतो, तुम्ही लिहा."

अशी ती पत्रं सुरू झाली. दर शुक्रवारी दुपारी, स्टोअरमध्ये, हेल्मेटांच्या खोक्यावर कागद ठेवून. ती सगळी माझ्या अक्षरात आहेत.

"पण खासदारालाच का?" मी विचारलं. "वकिलातीत जाऊ, मोठ्या अधिकाऱ्याला भेटू."

"अधिकारी परीक्षा देऊन येतो, मेल्या! त्याला माझ्या दारात कधी यावं लागत नाही. जो हात जोडून माझ्या आईसमोर उभा राहतो आणि म्हणतो, आजी लक्ष असू द्या, त्यालाच मी विचारणार. आता माझ्याकडे लक्ष दे म्हणून."

पहिलं पत्र असं होतं: 'निवेदन की, आपल्या मतदारसंघातला गणपत धुरी हा वेल्डर मसाल्याच्या जिनसेपायी परमुलखात तुरुंगात आहे. जी वस्तू आपल्याकडे वाणी मुलाच्या हातात पुडी बांधून देतो, तिच्यासाठी तिकडे चार वर्षं होतात, हे त्याला कुणी सांगितलं? विमानतळावर पाटी आहे का? पुडीवर दोन ओळी आहेत का? आपण लोकसभेत एक प्रश्न विचारावा. बसूनच विचारला तरी चालेल.'

शेवटचं वाक्य मी गाळायला सांगितलं. त्यांनी त्याखाली रेघ मारून घेतली.

तीन महिन्यांनी उत्तर आलं. खासदारांच्या पीएचं, छापील, रिकाम्या जागा भरलेलं: 'आपला विंधन विहिरीबाबतचा अर्ज उचित कार्यवाहीसाठी संबंधित खात्याकडे पाठविण्यात आला आहे.'

साटमांनी ते तीनदा वाचलं. मग फोर्कलिफ्टवाल्या पठाणाला वाचून दाखवलं, त्याला मराठीचं अक्षरही कळत नसताना. "लेटरसाब, अच्छी खबर है?" त्यानं विचारलं. "हां खान, बहुत अच्छी. पानी आ रहा है."

परत पत्र गेलं. 'विंधन विहीर नको. माणूस पाहिजे.' त्याला उत्तर म्हणून नववर्षाचं शुभेच्छापत्र आलं, खासदारांचा हात जोडलेला फोटो असलेलं. मग आमदार झाले, दुसऱ्या पक्षाचे आमदार झाले, जिल्हा परिषदेचे सदस्य झाले. एकांनी लिहिलं की परराष्ट्र धोरण जिल्हा परिषदेच्या कक्षेत येत नाही, तरी आपल्या भावना पोचल्या. "भावना!" साटम ओरडले. "मी कायदा पाठवला होता, ह्याला भावना पोचल्या!"

आणि पुढच्या उन्हाळ्यात साटमांच्या वाडीत विंधन विहीर मंजूर झाली. खरोखर. गाडी आली, खोदलं, पाणी लागलं. वाडीनं फोन करून साटमांचं अभिनंदन केलं, नारळ फोडताना त्यांचं नाव घेतलं. त्या दिवशी त्यांनी स्टोअरची खिडकी बंद ठेवली. आतून आवाज येत होता, "पाणी लागलं! माणूस सुटला नाय, पाणी लागलं!" बाहेर वेल्डर स्लिपा हातात घेऊन उभे होते.

यावर सगळे हसायचे. मी घरी जाऊन जेवायचो नाही.

मग त्यांनी आपला कायदा मागवला. आपल्याकडचा, अमली पदार्थांचा. मुंबईहून पुस्तक आणलं आणि डिक्शनरी घेऊन बसले. महिन्याभरानं माझ्यासमोर आपटलं. "वाचा. आपल्याकडेसुद्धा तेच. बाळगलं म्हणजे माहीत होतं असंच कोर्ट धरून चालणार. नव्हतं माहीत, हे पिशवी धरणाऱ्यानंच सिद्ध करायचं. ज्याला पिशवी धरायची मजुरी मिळते तो वकील कुठला लावतो? आपण दुसऱ्यांना कुठल्या तोंडानं सांगणार?"

त्यानंतर पत्रांचा सूर बदलला. आधी घरचा कायदा सुधारा, हेतू बघा, वजन बघा, पिशवी कुणी भरली ते बघा, नुसती धरली कुणी ते नको; मग शेजाऱ्याशी बोला. ते सांगत होते, मी लिहीत होतो. 'पिशवी भरणारा मोकळा फिरतो आणि धरणारा आत जातो, हा कुठला न्याय?' हे वाक्य मी माझ्या वळणदार अक्षरात, एकही खाडाखोड न करता, निदान वीस पत्रांत लिहिलं आहे. त्यातलं शुद्धलेखनही तपासलं आहे.

दीड वर्ष गेलं. एका शुक्रवारी मी स्टोअरमध्ये गेलो तर साटम कागद न काढता बसले होते. एसी घरघरत होता. म्हणाले, "आई गेली माझी. मंगळवारी. काल कळलं."

मी गावी जायच्या तिकिटाचं विचारलं.

"आता जाऊन काय करू? जिवंत होती तेव्हा दोन वर्षं गेलो नाही." मग हातातल्या पट्टीशी चाळा करत म्हणाले, "देवधर, तुम्हाला सांगतो. ती खसखस माझ्या पाकिटातली. आईनं डिंकाचे लाडू दिले होते गणपतकडे. डिंकाच्या लाडवांत खसखस असतेच. मी तिला पत्र लिहिलं. म्हटलं, तुझ्या लाडवांनी दोन मुलींचा बाप तुरुंगात गेला."

ते पत्र तेवढं त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं. आईला वाचता येत नव्हतं. पोस्टमननं अंगणात उभं राहून मोठ्यानं वाचून दाखवलं.

"तिनं शेजारच्या मुलाकडून उत्तर लिहून पाठवलं. 'बाबा, मी खसखस घालूकच नाय रे. यंदा महाग होती.' दोनदा लिहिलं. मी म्हटलं, म्हातारी घाबरली, खोटं बोलते. उत्तरच दिलं नाही. नंतर तिनं लाडू करायचेच बंद केले म्हणे. कुणाकडेच काही देईना. पाकीट म्हटलं की हात आखडून घ्यायची."

साटमांना चिडल्याशिवाय इतका वेळ बोलताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. आवाज अगदी लहान होता. तेव्हा मला कळलं की ही सगळी आरडाओरड, हे खासदार, आमदार, कायद्याचं पुस्तक, हा माणूस एका गुन्ह्याची भरपाई म्हणून करतोय, आणि तो गुन्हा त्याचा नाहीच. ज्याचा आहे तो खोक्याच्या या बाजूला, पेन हातात घेऊन बसला आहे.

मी तोंड उघडलं. म्हणालो, "चहा मागवू का?"

त्यांनी मान हलवली. चहा आला. तो पिऊन आम्ही पत्र लिहिलं.

गणपत पुढच्या ईदच्या माफीत सुटला. त्याला तुरुंगातूनच थेट मुंबईच्या विमानात बसवलं. आमच्या एकाही पत्राचा त्याच्याशी संबंध नव्हता. कॅम्पात जिलेबी वाटली गेली आणि सगळे साटमांच्या पाठीवर थाप मारायला आले. साटम गुरकावले, "माणूस सुटला. कायदा सुटलाय का अजून?" आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा कागद काढले.

आता ते निवृत्त होऊन गावी एकटे राहतात. मी पुण्यात. अजून त्यांचा कच्चा मसुदा टपालानं येतो आणि मी तो सुवाच्य करून परत पाठवतो. बारक्या चिठ्ठीत कधीमधी लिहितात: 'तुम्ही नसतात तर मी हे एकट्यानं केलं नसतं.' त्या चिठ्ठ्या मला फाडताही येत नाहीत आणि ठेवताही येत नाहीत.

हे छापून येईल, पण छापून सांगणं म्हणजे सांगणं नव्हे. त्यांच्या अंगणात जाऊन, समोर बसून सांगायला हवं. शिव्या घालतील, त्या ऐकून घ्यायला हव्यात. गाडीचं वेळापत्रक मला पाठ आहे.

साटमांची आई खरं बोलत होती. हे मला साटमांना सांगायचं आहे, आणि अजून मी ते सांगितलेलं नाही.