पाटील मास्तरांची तिळाएवढी गोगलगाय

सांगलीच्या आठवडी बाजारात सुकट विकणाऱ्या बायकांच्या रांगेत एक जैन गृहस्थ धोतर सावरून उकिडवे बसलेले दिसले, तर ते आमचे पाटील मास्तर असं खुशाल समजावं. सूर्य मावळल्यावर पाण्याचा थेंबही न घेणारा, कांदा-बटाटा घरात येऊ न देणारा हा माणूस दर आठवड्याला दोन शेर जवळा विकत घ्यायचा. त्यांचे भाऊबंद दुसऱ्या गल्लीने जायचे.

जवळ्याबरोबर कोकणच्या समुद्रातल्या बारीक गोगलगाई वाळून येतात. मास्तरांना हवी असायची ती त्यांची कवचं. घरी सुपात जवळा पसरायचा, चिमट्याने एकेक कवच उचलायचं आणि निवडलेला जवळा सुकटवाल्या हौसाबाईला परत नेऊन द्यायचा.

"आवं मास्तर, तुमी निवडल्यालं सुकट लय खपतंय," हौसाबाई भर बाजारात ओरडायची. "मिरजेच्या बाया तुमच्याच हातचं मागत्यात!"

मास्तर शास्त्र शिकवायचे, मी इंग्रजी. वर्गात, शिक्षकांच्या खोलीत, अगदी स्वतःच्या घरीही त्यांना स्वस्थ बसलेलं मी पाहिलं नाही. शिकवता शिकवता दारापर्यंत जायचे, परत यायचे. घरात एकटेच, त्यामुळे टोकायलाही कुणी नाही. "वेळ नाही हो माने, वेळ नाही!" हे पालुपद. कशाला वेळ नाही, ते सांगायलाही त्यांना वेळ नसे. अशा माणसाशेजारी बसलं की आपलेही पाय हलायला लागतात.

एकदा मधल्या सुट्टीत त्यांनी माझ्या हातात भिंग कोंबलं. कागदावर तिळाएवढं कवच होतं. अंगावर तीन तांबूस रेघा, तोंडाशी इवलासा दात.

"ही कुठल्याच पुस्तकात नाही. हिला अजून नावच नाही, माने! पहिल्यांदा वर्णन करील तो नाव देणार."

बातमी फुटली. हेडमास्तर म्हणाले, शाळेचं नाव द्या. हळदीचा एक अडत्या आपल्या आजोबांचं नाव सुचवायला आला. भिंगातून बघितल्यावर "एवढीच व्हय?" म्हणाला आणि चहा न घेताच निघून गेला.

कलकत्त्याच्या एका तज्ज्ञांना मी मास्तरांच्या वतीने इंग्रजीत पत्र लिहिलं. उत्तर आलं. जात नवी दिसते. पण नुसत्या कवचावर भागणार नाही, आतला जीव स्पिरिटमध्ये घालून पाठवा. मेलेला तासाभरात खराब होतो, तेव्हा ताजा हवा. शिवाय मद्रासकडच्याही कुणाला तरी हीच सापडली आहे. ज्याचा नमुना आधी येईल, नाव त्याचं.

पत्र वाचून मास्तरांनी खोलीला किती फेऱ्या मारल्या, मी मोजायचं सोडून दिलं.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही रत्नागिरीला निघालो. लढाईमुळे पेट्रोल मिळत नव्हतं, मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. चढ लागला की ती धापा टाकायची आणि मास्तर उतरून तिच्या पुढे चालायला लागायचे.

दोन दिवस खडकांवर ओणवं राहून आम्हाला बारा गोगलगाई मिळाल्या. बरणीत त्या चालत होत्या. मी स्पिरिटची बाटली उघडली. मास्तरांनी ती हातात घेतली, बरणीपर्यंत नेली आणि माझ्याकडे परत दिली.

मी रविवार चुकवत नाही मटणाचा. म्हटलं, "तुम्ही जरा तिकडं फिरून या. मी ओततो."

ते वीस पावलं गेले आणि धावतच परत आले. "नाही हो! करणं, करवणं आणि करणाऱ्याला बरं म्हणणं, तिन्हींचं पाप सारखंच. तुम्ही ओतलंत आणि मला बरं वाटलं, तर?"

"मग काय करायचं?"

"एखादी आपल्या मरणाने मरेल. तेव्हा घालू."

कपाळावर हात मारून घेतला मी. रॉकेलच्या दोन धुतलेल्या डब्यांत समुद्राचं पाणी घेतलं. तेही मास्तरांनी आधी फडक्याने गाळलं आणि फडकं पुन्हा समुद्रात खळबळून काढलं, कुणाचा जीव त्यात अडकला असेल म्हणून!

सांगलीत बरणी टेबलावर आली. रोज सकाळी मी विचारायचो, "आहेत का अजून?" मास्तर ओशाळून म्हणायचे, "आहेत." मरणाची वाट बघणं हीसुद्धा हिंसाच, हे त्यांना कळत होतं, म्हणून ते वाट न बघण्याचा आटोकाट प्रयत्न करायचे आणि दर पाच मिनिटांनी बरणीत डोकावायचे.

एका रविवारी सकाळी गेलो तर मास्तर बरणीवर वाकून हळू आवाजात णमोकार मंत्र म्हणत होते. माणूस जायला लागला की त्याच्या कानाशी म्हणतात तसा. एक गोगलगाय तळाशी पडली होती. अंग बाहेर, कवचाच्या तोंडावरचं झाकण मिटत नव्हतं.

मी बाटली उघडली. "मास्तर, गेली ती. द्या इकडं!"

"थांबा. आत्ता हलली."

"पाणी हललं!"

"जीव असला तर? गोगलगाय मेली हे कसं कळतं, तुम्हाला माहीत आहे?"

मला माहीत नव्हतं. त्यांनाही नव्हतं. दुपार झाली तरी णमोकार चालूच होता. आणि गंमत म्हणजे हा माणूस चक्क बसला होता. सलग, मांडी घालून. ऊन उतरलं तेव्हा बरणीला वास यायला लागला आणि त्यांची खात्री पटली. कवचात आता पाठवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

माझा तोल गेला. "वर्षाची मेहनत घालवलीत! मद्रासवाला नाव देऊन मोकळा होईल!" तो झालाही, पुढच्याच महिन्यात.

मास्तर रागावले नाहीत. म्हणाले, "आई गेली तेव्हा मी मालवणला शिंपले वेचत होतो, माने. तार मिळताच निघालो. येईपर्यंत लोकांनी सगळं उरकलं होतं. घाई केली हो त्यांनी. मला अजून वाटतं, थोडं थांबायला हवं होतं. कुणीतरी नीट बघायला हवं होतं."

मी बाटलीला बूच लावलं आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर बसलो. फार वाईट वाटलं मला त्या माणसासाठी.

शेवटी विचारलं, "कलकत्त्याला काय कळवू?"

त्यांनी बरणी उजेडाकडे फिरवून एकेक मोजली.

"लिहा," ते म्हणाले, "अकराजणी बऱ्या आहेत."