अनवाणी कॉम्प्युटर परिषद

गेल्या शनिवारी चंदीगडच्या सेक्टर १७ मधल्या एका हॉटेलात कॉम्प्युटर प्रोग्रॅमरांची अखिल भारतीय परिषद भरली. माझी ताई, वंदना, तिथे एकच काम घेऊन गेली होती. एका परीक्षा बोर्डासाठी तिने निकालाचा प्रोग्रॅम लिहिलाय आणि तो गैरहजर पोरांना फर्स्ट क्लास देतोय. चूक काही सापडेना. सध्या बॉम्बस्फोटांमुळे इथे कर्फ्यू कधी लागेल नेम नाही, बाबा तिला एकटीला सोडेनात. म्हणून शाळा सोडून घरी बसलेला मी सोबत.

परिषदेचा फायदा कसा घ्यायचा, हे बाकीच्यांना पाठ होतं. हजेरीची सही ठोकली, रेक्झिनची बॅग घेतली आणि अर्धे लोक पिंजौरची बाग बघायला पसार. उरलेल्यांना आयोजक बोडससाहेबांनी दारात अडवलं.

"बूट काढा! आत कॉम्प्युटर आहे."

"अहो, तो लांब स्टेजवर आहे," ताई म्हणाली.

"म्हणून काय झालं? धूळ चढते वर."

दाराबाहेर बुटांची ही मोठी रास पडली. ताईने फ्लॉपी घातली, दिल्लीहून आलेल्या तज्ज्ञ वामनरावांनी चष्मा लावला, आणि बाहेर हवालदार ओरडला, "ओए, ये लावारिस सामान किसका है?"

"हमारा है जी," बोडस धावले.

"तो पहनो."

"पहन के अंदर अलाउड नहीं."

"नहीं पहनोगे तो लावारिस!"

बॉम्बवाले आले. वीज बंद, हॉल रिकामा, बुटांभोवती वाळूच्या गोण्या, आणि देशभरातले प्रोग्रॅमर लॉनवर अनवाणी. नशीब, जेवण लॉनवरच होतं.

ताई वामनरावांच्या मागे मागे. "सर, निदान ऐका तरी! जो पेपरला येतच नाही, तो पास होतोय."

वामनरावांनी रसमलाई संपवली. "तुमच्या प्रोग्रॅममधली चूक आज कोणाला दिसली का?"

"वीजच गेली होती, सर!"

"म्हणजे आढळली नाही. बोडस, लिहा. प्रोग्रॅम निर्दोष."

माझं डोकं फिरलं. "न बघता निर्दोष कसा?"

"ए, तू कोण रे? ही शिकलेल्यांची परिषद आहे."

"ते दिसतंच आहे."

संध्याकाळी पिंजौरवाले परतले. सह्या होत्याच, त्यामुळे सर्टिफिकेटंही मिळाली. 'उत्साहपूर्ण सहभागाबद्दल.'

येत्या सोमवारी निकाल त्याच प्रोग्रॅमवर लागतोय. ताई दोन दिवस जेवलेली नाही. तुमचं पोर फर्स्ट क्लासात आलं, तर पेढे आणण्याआधी त्याला एवढंच विचारा, बाबा, पेपरला गेला होतास का?

नाही विचारणार ना? वाटलंच मला.