टक्कर अशक्य आहे

न्हाणीघर रिकामं होतं आणि बाहेर सासरे, सासूबाई आणि नवरा खांद्यावर टॉवेल टाकून उभे होते.

"बाबा, तुम्ही जा."

"मी कसा जाऊ? तूही थांबलायस ना. नियम म्हणजे नियम."

नियम सूनबाईचा होता. सकाळची भांडणं मिटावीत म्हणून तिने दारावर चिकटवलं होतं: दुसरं कोणी थांबलं असेल, तर त्याला आधी जाऊ द्यावं. तिचं कामच ते. गोदामातल्या आपोआप चालणाऱ्या गाड्यांनी एकमेकींशी कसं वागायचं, याचे नियम ती गणिताच्या भाषेत लिहायची आणि ते चुकणार नाहीत हे सिद्ध करायची. साहेबांना ही थेरं वाटत. आज गिऱ्हाईक येणार होतं. गाड्या बिघडल्या, तर गणित बंद आणि तिची रवानगी तक्रार विभागात.

"भांडण झालं का?" तिने चपला घालता घालता विचारलं.

"नाही."

"मग नियम बरोबर आहे," म्हणत ती निघाली.

गोदामात चारी बाजूंनी गाड्या चौकात आल्या आणि थांबल्या. प्रत्येक गाडी दुसरीला वाट देत होती. गिऱ्हाईक बाईंनी घड्याळ पाहिलं.

"टक्कर मात्र होत नाही," सूनबाई कशीबशी म्हणाली.

"भिंतींचीही होत नाही," साहेब म्हणाले.

सूनबाईला टॉवेलवाले तिघे आठवले आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाईट काही होणार नाही, एवढंच तिने सिद्ध केलं होतं. काही चांगलं होईल, हे राहूनच गेलं होतं. तिने घरी फोन लावला.

"आई, आंघोळी उरकल्या?"

"केव्हाच. तुझ्या नियमाखाली मी एक ओळ वाढवली. सगळेच अडले, तर वयाने मोठा तो आधी."

का अडलं ते सूनबाईने बाईंना समजावलं आणि तीच ओळ गाड्यांना लावली: सगळ्याच अडल्या, तर सर्वांत जुनी गाडी आधी.

"आता चालवून बघा पटकन," साहेब कुजबुजले.

"सिद्ध झाल्याशिवाय नाही."

संगणकाने सगळ्या शक्यता पिंजून काढल्या: टक्कर नाही, आणि प्रत्येक गाडी पोचणारच. मग चौक असा भराभर मोकळा झाला की सूनबाईला नाचावंसं वाटलं.

"बाकीचे नुसतं चालवून दाखवतात," बाई म्हणाल्या. "का अडलं, हे तुम्हीच सांगू शकलात. आमच्या सगळ्या गोदामांना हेच हवं."

"मी पहिल्यापासून म्हणतोय, आधी गणित," साहेब म्हणाले आणि बाईंना निरोप द्यायला दारापर्यंत गेले.

"आपण आधी."

"छे, आपण."

"सोपं आहे," सूनबाई म्हणाली, "वयाने मोठं असेल त्याने आधी."

दोघंही जागचे हलले नाहीत. सूनबाई दोघांच्या मधून ऐटीत बाहेर पडली.